झूचा विस्तार होतोय, हरकत घ्यावी का? आधी पिंजऱ्याची मागची बाजू बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की तुमच्या शहरातल्या महापालिकेच्या झूचा विस्तार होणार आहे, आराखड्यात फूड कोर्ट, टॉय ट्रेन, समारंभांसाठी लॉन, रात्रीचं लायटिंग, बिबट्यासाठी काचेची नवी गॅलरी आणि एक पांढरा वाघ असं सगळं आहे, तिकीट पाचपट होणार आहे, पालिकेने हरकती-सूचना मागवल्यात आणि तुम्हाला कळत नाहीये की हे प्राण्यांसाठी चाललंय की नुसत्या कमाईसाठी. विरोध करू की पाठिंबा देऊ, असं विचारलंय तुम्ही.

मी पशुवैद्यक आहे. एकवीस वर्षं झूमध्येच गेली, आधी दवाखाना सांभाळला, मग क्युरेटर झाले, आता लोक आराखडे बघायला बोलावतात. तर एक गोष्ट आधी सांगते, पैसा आणि संवर्धन एकमेकांचे वैरी आहेत असं मी मानत नाही. झूकडे पैसे नसले की प्राण्यांचेच हाल होतात. भूल द्यायचं औषध संपलेलं आणि खरेदीची फाइल टेबलावर अडकलेली म्हणून वाघाच्या जखमेवर टाके घालायला मला दोन दिवस थांबावं लागलंय, आणि ते दोन दिवस मी अजून विसरलेले नाही. त्यामुळे कोणी म्हणालं की झूने कमाईचा विचारच करू नये, तर मला ते पटत नाही. माझ्या मते बघायच्या गोष्टी दोनच आहेत. कमाईसाठी प्राण्याच्या रोजच्या दिवसाला हात लागतोय का, आणि आलेला पैसा पिंजऱ्याच्या मागे पोचतोय का.

बाकी बरंच काही परिस्थितीवर आहे. तुमच्या झूची जागा किती, ती गावात आहे की गावाबाहेर, गेटचा पैसा झूच्या खात्यात राहतो की पालिकेच्या तिजोरीत जातो, कायमस्वरूपी डॉक्टर आहे की मानधनावरचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि बहुतेक तुम्हाला अजून कोणी सांगितलंही नसेल. म्हणून मी हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणार नाही, कसं बघायचं ते सांगते.

पिंजऱ्याची मागची बाजू म्हणजे काय ते आधी. तुम्ही तिकीट काढून जे बघता तो प्राण्याच्या घराचा ओटा समजा. त्याच्या मागे नाईट शेल्टर असतं, फीडिंग सेल असते, इलाजासाठी स्क्वीझ केज असते, म्हणजे बाजू आत सरकवून जनावराला हलता येणार नाही असा पिंजरा, नवीन किंवा आजारी जनावरासाठी छोटं बंदिस्त आवार असतं त्याला क्राल म्हणतात, मग किचन, क्वारंटाईन, दवाखाना, शवविच्छेदनाची खोली, आणि या सगळ्याला जोडणारा एक सर्व्हिस रोड, ज्यावरून मांसाची गाडी येते आणि घाण बाहेर जाते. झूचं खरं काम इथे चालतं. आणि विस्ताराचा पैसा जवळजवळ प्रत्येक वेळी पुढच्या बाजूला लागतो, कारण उद्घाटन पुढच्याच बाजूचं होतं.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. आमच्याकडे एक जुने कीपर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. सकाळी सात वाजता त्यांची पहिली फेरी, फीडिंग सेलमध्ये रात्रीचं किती मांस उरलंय, विष्ठा कशी आहे, कोण कुठे बसलंय हे बघायचं आणि वहीत लिहायचं. आमच्या एका बिबट्याच्या मादीला रोज साडेतीन किलो मांस असायचं आणि झू बंद असेल त्या दिवशी उपास, मोठ्या मांजरांना बऱ्याच झूंमध्ये आठवड्यातून एक दिवस उपास असतो. त्या वर्षी नूतनीकरणात तिच्या आवारातलं बांबूचं बेट काढून समोर मोठी काच लावली होती, लोकांना नीट दिसावी म्हणून. दिवाळीच्या सुट्टीतल्या सोमवारी सकाळी मामांनी मला बोलावलं. घमेल्यात मांस जसंच्या तसं, वर माश्या, आणि ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली, पुढच्या पंजाचे केस चाटून चाटून तिने पार उडवलेले, खालची गुलाबी कातडी दिसत होती. मामा म्हणाले, "मॅडम, काल दिवसभर हिला तोंड लपवायला जागा नव्हती." रक्ताची तपासणी, जंताची तपासणी, सगळं केलं, काही निघालं नाही. मग आम्ही अर्ध्या काचेला बाहेरून गोणपाट लावलं, आत वाळलेल्या झाडाचा बुंधा आडवा टाकून वर फळी बसवली, बांबू परत लावला. दहा-बारा दिवसांत ती पूर्ण खायला लागली.

आता पुढचं ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. बिबट्या दिसत नाही म्हणून लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. आम्ही बाहेर साधा बोर्ड लावला, "बिबट्या इथेच आहे, शोधा", आणि खाली त्याच्या अंगावरचे ठिपके पानांच्या उन्हा-सावलीत कसे मिसळून जातात ते चित्र काढून दाखवलं. पूर्वी लोक काचेवर टकटक करून अर्ध्या मिनिटात पुढे जायचे, ते आता पाच-पाच मिनिटं थांबायला लागले, पोरं एकमेकांना गप्प बसवायला लागली. गेटची कमाई काही कमी झाली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या गॅलरीच्या कागदावर एकच प्रश्न विचारते, या जनावराला माणसांकडे पाठ करून बसायचं असेल तर ते बसणार कुठे? तुमच्या आराखड्यातल्या काचेच्या गॅलरीबद्दलही हाच प्रश्न विचारा.

लॉनबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, झूच्या आवारात समारंभाचं लॉन नको. एका ठिकाणी, नाव घेत नाही, संध्याकाळच्या एका कार्यक्रमात ढोल वाजला, लॉनपासून चितळांचं आवार फार तर दीडशे मीटरवर. कळप उधळला आणि जाळीवर जाऊन आदळला. त्या रात्री एकही दगावलं नाही, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तिसऱ्या दिवशी एक मादी उभीच राहीना, लघवी काळ्या कॉफीच्या रंगाची. जिवाच्या भीतीने पळताना हरणांचे स्नायू अक्षरशः आतून विरघळतात, ते सगळं रक्तातून किडनीत जाऊन बसतं आणि मग औषधाला फारसा वाव राहत नाही. दोन मेल्या, एक गाभण होती. लॉनचं त्या दिवसाचं भाडं जमेच्या बाजूला लिहिलं गेलं, चितळं कुठल्याच हिशेबात आली नाहीत. आणि ही नुसती माझी भावना नाहीये बरं का, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे कलमात स्पष्ट आहे की झूमधल्या प्राण्याला चिडवायचं नाही, खायला घालायचं नाही, आवाज करून किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकारे त्रास द्यायचा नाही. हे बंधन सगळ्यांना आहे, लॉन भाड्याने घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही. हरकतीत हे कलम लिहाच.

रात्रीच्या लायटिंगबद्दल लोक लगेच सिंगापूरचं उदाहरण देतात, आपल्याकडचे बरेच जण तिथे टूरने जाऊन आलेले असतात. सिंगापूरची नाईट सफारी १९९४ची. पण ती तिथल्या झूचीच दुसरी शिफ्ट नाहीये, ते शेजारचं वेगळं पार्क आहे, प्राणी वेगळे, आणि उजेड चांदण्यासारखा मंद ठेवलेला. आपल्याकडे जे सुचवतात त्यात दिवसभर लोकांनी बघितलेल्या प्राण्यालाच रात्री पुन्हा लाईटखाली उभं करायचं असतं, आणि कीपरही तेच. सकाळी सातची फेरी मारणारा माणूस रात्री अकराला घरी गेला तर दुसऱ्या दिवशी त्या वहीत काय लिहिलं जाणार सांगा.

पांढऱ्या वाघावर वेळ घालवत नाही. ती वेगळी जात नाही, उपजातही नाही, एका जनुकातल्या बदलामुळे आलेला रंग आहे. १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्याची वंशावळ जगभरातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांत सापडते, कारण रंग टिकवायला जवळच्या नात्यात जोड्या लावत राहिले, आणि मग तिरळे डोळे आणि इतर व्यंगं आली. जंगलातल्या वाघाच्या संवर्धनाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. गर्दी खेचतो, हे खरं. तेवढ्या जागेत आणि तेवढ्या मांसात माणसाशी संघर्षात सापडलेला, परत जंगलात सोडता न येणारा आपला एक वाघ आयुष्यभर नीट राहील, आणि त्याची गोष्ट लोकांना सांगता येईल, त्यात तुमच्याच जिल्ह्याचं जंगल येईल.

आता पैशाकडे येते, कारण तिकीट पाचपट हा मुद्दा तुम्हाला जास्त खुपलेला दिसतोय.

मुंबईच्या राणीबागेचं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यातला एक काही महिन्यांतच दगावला, मार्च २०१७ मध्ये कक्ष लोकांसाठी उघडला, आणि त्याच वर्षी मोठ्यांचं तिकीट ५ वरून ५० रुपये झालं, आई-वडील आणि दोन मुलांना मिळून १००. गर्दी झाली, कमाई वाढली. मी स्वतः त्या रांगेत उभी राहिलेय, काचेपाशी पोचल्यावर लहान मुलांचे चेहरे कसे होतात ते बघितलंय, त्या आनंदाला मी कमी लेखणार नाही. पण संवर्धन म्हणाल तर हा पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, त्याचं पोट तिथल्या थंड प्रवाहातल्या माशांवर, त्याची घरटी पक्ष्यांच्या विष्ठेच्या जुन्या थरात, ते थर खतासाठी उपसले गेले आणि मासे जाळ्यात गेले. मुंबईच्या दमट हवेत चोवीस तास कक्ष गार ठेवून त्यातलं काही बदलत नाही. म्हणजे तो झाला गर्दीचा प्राणी. माझं म्हणणं असं की गर्दीचा प्राणी ठेवलाच तर त्याच्या तिकिटातला ठरावीक वाटा आपल्या एखाद्या संकटातल्या प्राण्यासाठी लेखी बांधून घ्या. लेखी, आणि दरवर्षी जाहीर होईल असा.

कारण पालिकेच्या झूमध्ये बऱ्याचदा काय होतं, गेटचा पैसा सर्वसाधारण निधीत जातो आणि झूला बजेटमधून वेगळी तरतूद होते. तिकीट दुप्पट करा नाहीतर दसपट, फीडिंग सेलचं गळणारं छत तसंच राहतं, कारण त्या छताचा आणि तिकिटाचा कागदावर संबंधच नसतो. याउलट म्हैसूरचं झू बघा, १८९२ सालचं जुनं झू, कर्नाटकात झू प्राधिकरण वेगळं आहे, गेटच्या कमाईतून झू चालतं, लोक प्राणी दत्तक घेऊन खर्च उचलतात, आणि कूरगळ्ळीला त्यांचं बचाव केंद्र आहे. ही पद्धत मला आवडते, पण तिचीही दुसरी बाजू आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गेट बंद झालं आणि देणग्यांसाठी आवाहन करायची वेळ आली. वाघाला लॉकडाऊन नसतो, त्याला रोज खायला लागतंच. म्हणून मी सांगते ते असं, गेटचा पैसा झूकडेच राहू दे, पण किमान वर्षभराचा चारा, मांस, औषधं आणि कीपरचे पगार भागतील एवढी ठेव आधी बाजूला काढा, टॉय ट्रेनचा विचार त्यानंतर. आणि तिकीट वाढवाच, पण आठवड्यातला एखादा दिवस जुन्या दरात ठेवा आणि पालिकेच्या शाळांना फुकट. झोपडपट्टीतल्या पोराने बिबट्या कधीच बघितला नाही तर उद्या त्याच्यासाठी बोलणार कोण?

टॉय ट्रेन आणि फूड कोर्टला माझा सरसकट विरोध नाही, हे लिहून ठेवा. फूड कोर्ट गेटच्या बाहेरच्या बाजूला, पार्किंगजवळ असेल तर उलट चांगलं, प्लास्टिक आत जात नाही, माकडं आणि उंदीर आवारात वाढत नाहीत. ट्रेनचा रूळ प्राण्यांच्या मागच्या बाजूने, नाईट शेल्टरला लागून जात असेल तर मात्र नको, कारण जनावराला दिलेली ती एकमेव शांत बाजू असते.

संवर्धनाला वेळ किती लागतो ते लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून गिधाडांचं सांगते. गुरांना तेव्हा दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, ती मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या, पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातली नव्याण्णवच्या वर गेली. हरियाणात पिंजोरला २००१ साली केंद्र सुरू झालं, आधी आजारी गिधाडांसाठी, मग प्रजननासाठी. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं. तिथली वीस गिधाडं आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली गेली ती जानेवारी २०२४ मध्ये. म्हणजे वीस वर्षांहून जास्त. या काळात किती आयुक्त बदलतात, किती निवडणुका होतात बघा. मोठं आवार असलेल्या आणि बऱ्यापैकी कमाई करणाऱ्या झूंनीही हे केलंय, कॅलिफोर्नियाचा काँडोर १९८७ मध्ये फक्त २७ उरला होता, तो सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिसच्या झूंनी वाढवून परत सोडला. आणि दार्जिलिंगच्या झूने २००३ मध्ये झूतच जन्मलेल्या दोन रेड पांडा मादी सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या. दार्जिलिंगला गर्दीही भरपूर असते. म्हणजे दोन्ही जमतं, पण जमतं ते प्रजननाचं काम लोकांच्या नजरेआड आणि निवांत चालू दिल्यामुळे.

तुमच्या पालिकेने हिमबिबट्या पैदा करावा अशी माझी अपेक्षा नाही. लहान झूसुद्धा एक प्राणी निवडू शकतं, आपल्या भागातला, आणि पंधरा वर्षं त्याच्यामागे लागू शकतं. आराखड्यात असा एकतरी प्राणी नावानिशी आहे का, त्याच्यासाठी लोकांना न दाखवायची वेगळी जागा आहे का, त्याची स्टडबुकात, म्हणजे वंशावळीच्या वहीत, नोंद कोण ठेवणार, हे विचारा.

आणि रोगराई. डिसेंबर २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, जानेवारीत ते निदान पक्कं झालं. त्या बातमीनंतर दोन रात्री मला झोप लागली नाही, कारण अशी वेळ कुठल्याही झूवर येऊ शकते. कच्चं मांस कुठून येतं, कोण तपासतं, कीपर एका विभागातून दुसऱ्यात जाताना बूट कशात बुडवतो, कावळे-उंदीर किचनमध्ये शिरतात का, क्वारंटाईन बाकी आवारांपासून किती लांब आहे, यावर प्राण्याचा जीव अवलंबून असतो. या गोष्टींचा फोटो कोणी काढत नाही म्हणून त्यांना बजेट मिळत नाही.

विस्तार वनजमिनीवर जाणार असेल तर तेही तपासा. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात सांगितलंय की जंगलाच्या जमिनीवर झू किंवा सफारी काढायची तर कोर्टाची अंतिम मंजुरी लागेल. आणि मास्टर लेआउट प्लॅनला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, झू आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं नियमातच आहे. कमाईसाठी तो बंदचा दिवस काढून टाकायचं कोणी बोललं तर तिथेच थांबवा, जनावरांना तेवढा एकच दिवस मिळतो.

तर विरोध की पाठिंबा? नुसतं "विस्ताराला विरोध" असं लिहू नका, ते फाइलला लागतं आणि संपतं. पाठिंबा द्या, पण अटींवर, आणि प्रत्येक अट आराखड्यातल्या एकेका चौकोनाला बोट लावून लिहा. लॉन वगळा, कारण ३८-जे. पांढरा वाघ वगळून त्याच जागी बचाव केलेला प्राणी. रात्रीचे कार्यक्रम नकोत. गेटचं वेगळं खातं आणि ठेव. कामाचा क्रम उलटा करा, आधी क्वारंटाईन, दवाखाना, किचन आणि कीपरची भरती, ते पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय पुढच्या बाजूची एकही निविदा निघू नये. ही शेवटची अट मी एका ठिकाणी तीन बैठका भांडून घालून घेतली होती, तिथे फूड कोर्टला दोन वर्षं उशीर झाला आणि त्या दोन वर्षांत तिथला दवाखाना उभा राहिला.

सुनावणीला जायच्या आधी एकदा सकाळी लवकर झूमध्ये जा आणि परवानगी मिळाली तर कीपरबरोबर एक फेरी मारा. त्यांच्याकडे वही असेल तर बघा. मोठा नकाशा मिळाला की त्यावर मांसाची गाडी कुठून आत येते आणि मेलेलं जनावर कुठून बाहेर जातं हे बोटाने काढून बघा. त्या दोन रेषा कुठेच सापडल्या नाहीत, किंवा फूड कोर्टातून जात असल्या, तर नकाशाचा फोटो इथेच टाका, हरकतीचा मसुदा आपण मिळून करू.